घराची किंमत मी कशी पाडली

३ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. बटण कुठलं ते नातीने दाखवलं. तिला मी मास्तरीण म्हणते, कारण शिकवताना डोळे वटारते. तारीखही फोनच टाकतो. मला वाचता येत नाही, तेव्हा यातलं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित आहे.

तर मुद्दा. चिरंजीवांचा आणि सूनबाईचा घटस्फोट झाला. आता घराच्या किमतीची वाटणी. काल चिरंजीव म्हणाले, आई, मुलांची शाळा इथून जवळ, म्हणून घर ती ठेवणार, माझा अर्धा वाटा मला पैशांत देणार. मी मान डोलावली. डाव ओळखला! तिला गाफील ठेवतोय. ऐन वेळी घर हाच घेणार आणि पैसे तिच्या हातावर टेकवणार. आईला का सगळं फोड करून सांगावं लागतं?

म्हणजे घराची किंमत जितकी कमी, तितकं चिरंजीवांना बरं. किंमत ठरवणारा माणूस पुढच्या आठवड्यात यायचाय. किंमत पाडायचं काम मी अंगावर घेतलं आहे. कुणी सांगितलेलं नाही. चांगली कामं अशीच होतात.

४ मार्च

स्वयंपाकघरातला नळ सैल केला. दुपारभर टप टप. कान तृप्त.

सूनबाई कामावरून आली. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, बारीक स्क्रूंशी तिची सोयरीक. खांद्यावरची पर्स न उतरवता पान्हा घेतला आणि नळ आवळून टाकला. म्हणाली, आई, आपोआप सैल झाला वाटतं. म्हटलं, जुनं झालं की व्हायचंच. म्हणाली, तुम्ही नाही झालात तशा. टोमणा होता. लक्षात ठेवलाय.

चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात. मोठमोठ्या बिल्डिंगी त्यांच्या भरवशावर वर-खाली होतात. घरातल्या नळाला त्यांनी कधी हात लावला नाही. एवढ्या मोठ्या कारागिराला ते शोभलंही नसतं.

५ मार्च

प्लॅन नंबर दोन : ओल.

पुढच्या खोलीच्या भिंतीवर रोज तांब्याभर पाणी. ही खोली माझी. घर घेताना मी माझं जुनं घर विकून पैसे घातले आणि तेव्हाच कागदावर घालून घेतलं की जिवंत असेपर्यंत पुढची खोली म्हातारीची. अंगठा उठवलाय तिथे. तेव्हा माझ्या भिंतीला मी न्हाऊ घालीन नाहीतर तेल लावीन.

नातवाने पाहिलं. त्याला मी पैलवान म्हणते, दप्तर त्याच्यापेक्षा जड आहे. म्हणे, आजी, भिंतीला तहान लागलीये का? म्हटलं, हो, आणि ती कुणाला सांगायची नसते.

७ मार्च

ओल झकास धरलीये. पोपडे सुटले. गादीही भिजली, पण मोहिमेत असं चालतं. थोडा खोकला.

लेकीचा फोन. चिरंजीवांनी तिला सांगितलंय म्हणे, आई महिनाअखेर तुझ्याकडे येईल. लेक म्हणाली, ये गं आई, तुझंच घर आहे. फक्त पलंग पॅसेजमध्ये टाकावा लागेल, माशांच्या टाकीशेजारी, आणि टाकीची मोटर रात्रभर घुरघुरते. मग जरा थांबून म्हणाली, किती दिवसांसाठी गं?

म्हटलं, चार दिवस हवापालट. दुसरं काय असणार? मुलाने आईच्या विश्रांतीचा विचार केला. डोळे पाणावले. ओलीमुळे असेल.

मास्तरणीने विचारलं, तू गेलीस तर माझी वेणी कोण घालणार? म्हटलं, मी कुठे जातेय? तिने डोळे वटारले. मी विषय बदलला.

१० मार्च, दुपार

आला. हातात एवढंसं यंत्र. भिंतीवर लाल ठिपका पाडतो आणि खोली किती लांब ते सांगतो. मी त्याचं नाव ठिपकेवाला ठेवलं.

चिरंजीव खास रजा टाकून हजर. ठिपकेवाल्याच्या मागे मागे, खिडक्या उघडून दाखवतायत, उजेड बघा, वारा बघा. वा! घराचं कौतुक करून सूनबाईला आणखी गाफील करतायत. काय डोकं!

मग माझी खोली. मी पलंगावर मांडी घालून. म्हणाला, आजी, थोडं सरकता का? म्हटलं, नाही. ठिपका माझ्या खांद्यावर पडला. मी भिंत दाखवली, म्हटलं, बघा ओल, घर सडलंय. त्याने बोट लावलं, खाली तांब्या पाहिला, म्हणाला, आजी, ओल खालून चढते किंवा छतातून उतरते. ही मधूनच सुरू झालीये. याचे पैसे नाही कापता यायचे.

मग त्याने विचारलं, आजींचा हक्क आहे ना या खोलीवर? त्या इथेच राहणार का?

चिरंजीव म्हणाले, नाही, ती ताईकडे जाणार.

दारातून सूनबाई म्हणाली, त्या इथेच राहणार.

ठिपकेवाला म्हणाला, तुमचं दोघांचं राहू द्या, आजी काय म्हणतात ते मला लागतं. खोली रिकामी मिळाली तर पूर्ण किंमत. आजी राहिल्या तर घराची किंमत बरीच उतरते.

उतरते! एवढे दिवस मी नळ पिळतेय, भिंती भिजवतेय, आणि किंमत उतरवणारी वस्तू इथे मांडी घालून बसलीये!

मी छाती पुढे काढून सांगितलं, मी इथेच राहणार. मरेपर्यंत. आणि शंभर पुरी करणार आहे. लिहा!

चिरंजीवांनी कपाळावर हात मारला. आनंदाने माणसं असं करतात. मी त्यांना डोळा मारला. त्यांनी परत मारला नाही. समोर सूनबाई होती ना.

११ मार्च

चिरंजीव आले. म्हणाले, आई, ठिपकेवाल्याला फोन करू, सांग की विचार बदलला. म्हटलं, इथे आता कुणी ऐकत नाही, माझ्याशी नाटक नको. म्हणाले, अगं, मला पैसे कमी मिळतील! मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जीव इतका गुंतलाय डावात की स्वतःलाच पटवून बसलाय.

खोली सोडल्याच्या कागदावर अंगठा मागितला. दिला नाही. आईचा अंगठा म्हणजे दारावरची घंटा नव्हे.

१८ मार्च

उतरलेली किंमत ठरली. सह्या झाल्या. घर सूनबाईने घेतलं.

कुणीतरी गोंधळ केलाय. वकिलाने असेल.

सूनबाईला म्हटलं, एवढे पैसे कुठून आणलेस? म्हणाली, पूर्ण किंमत असती तर नसते पुरले, आई. विकून दोघांनी वाटून घ्यावं लागलं असतं, मुलांना शाळा बदलावी लागली असती. तुम्ही शब्द दिलात म्हणून जमलं.

मी म्हटलं, मला सगळं ठाऊक होतं. चेहरा ताठ ठेवला. तेवढं मला येतं.

२५ मार्च

चिरंजीवांनी सामान नेलं. गॅरेजच्या वर एक खोली घेतली आहे, जिना बाहेरून. जाताना मी म्हटलं, येते तुझ्याबरोबर, आई आहे मी. म्हणाले, एकच पलंग मावतो. मग म्हणाले, तू ताईकडे गेली असतीस तर मला दोन खोल्या परवडल्या असत्या. रागाने नाही म्हणाले. त्याचंच वाईट वाटलं.

दुसरी खोली माझ्यासाठी असती का, हे विचारायचं राहिलं. विचारणारही नाही. असतीच.

३१ मार्च, संध्याकाळ

निश्चय : उद्यापासून या घरात माझा वचक. सूनबाई आता सून राहिली नाही, तेव्हा भीड ठेवायचं कारण नाही. मास्तरणीला विचारलं, तुझ्या आईला आता मी काय म्हणू? वेणी घालून घेता घेता म्हणाली, घरमालकीण.

भिंत वाळेना. रात्रंदिवस खोकला. नळ मात्र ठणठणीत.

आत्ता सूनबाई औषधाची बाटली आणि चमचा घेऊन आली. म्हटलं, मला काही झालेलं नाही. म्हणाली, आई, त्या माणसासमोर शंभर म्हणालात. त्या शब्दावर मी घर घेतलंय. मध्येच गेलात तर तुमचे चिरंजीव म्हणतील, सासू-सुनेने मिळून फसवलं. तोंड उघडा.

मी तिला चांगलं सुनावणार होते. त्यासाठीच तोंड उघडलं, तर तिने चमचा घातला.

कडू होतं. गिळलं.