आबांच्या खोलीतला दवाखाना

आबा,

पोळा होऊन गेल्यावर एका शुक्रवारी मी महादेवाची पूजा नेहमीपेक्षा लवकर उरकली. सभामंडप झाडला, नंदीमागची फरशी धुतली, घरातल्या दोन सतरंज्या अंथरल्या आणि दोन खांबांच्या मध्ये तुमच्या सुनेच्या जुन्या साडीचा पडदा बांधला. त्या दिवशी गावात पहिल्यांदा फिरता दवाखाना येणार होता. एका संस्थेची पांढरी गाडी, तिच्यात डॉक्टरीणबाई, नर्स, औषधांच्या पेट्या. महिन्यातून एकदा येणार आणि फुकट तपासणार. नाहीतर आपल्याकडच्या बाईला दुखणं दाखवायचं म्हणजे जीपमध्ये अंग चोरून केजला जायचं, दिवस मोडायचा, वर सोबतीला कुणाला तरी राजी करायचं. म्हणून गाडीला जागा कुठं द्यायची यावर पंचायतीत बोलाचाली सुरू झाली, तेव्हा मीच उठून म्हणालो होतो, देऊळ आहे की. प्रशस्त आहे, सावली आहे, सगळ्यांच्या पायाखालचं आहे. सरपंच म्हणाले, गुरवबाबा, पुण्याचं काम केलंत. तुम्ही ऐकायला हवे होतात, असं तेव्हा मला वाटलं.

दुपारपर्यंत मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघे धरून आलेले म्हातारे, डोळ्यांवर हात धरून आलेल्या म्हाताऱ्या, आणि नुसतंच ब्लडप्रेशर किती भरतं ते बघायला आलेले दोन-चार धडधाकट गडी. मी सगळ्यांना पाणी देत हिंडत होतो. पण पडद्याआड कुणीच गेलं नाही. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. गाडी निघायच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "उसाला जाणाऱ्या बायका कुठं आहेत? त्या निघायच्या आत त्यांना तपासावं म्हणून तर आम्ही आलो." मी आशाताईकडे पाहिलं. गावातल्या बायका-लेकरांच्या तब्येतीचं काम तिच्याकडे असतं. ती औषधाची खोकी मोजण्यात गुंतली असल्यासारखी खाली बघत राहिली.

त्या बायकांमध्ये माझी बहीण, आपली धाकटीही होती. तुम्ही गेल्यानंतर तिच्या घरची शेती भावकीत वाटली जाऊन काही उरलं नाही, आणि नवरा-बायको टोळीबरोबर ऊस तोडायला जाऊ लागली. वस्तीवर जाऊन मी तिला स्वतः निरोप दिला होता, तरी ती आली नव्हती. संध्याकाळी मी जरा रागातच तिच्याकडे गेलो. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला.

"कावून आली न्हाईस?" मी विचारलं.

"कुठं येऊ? म्हादेवाच्या मंडपात?"

"मग? डॉक्टरीणबाई हाय. पडदा बी लावला व्हता."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "दादा, म्हैन्यातलं निम्मं दिवस मी बाहेरचीच असते. थांबतच न्हाई. कशी चढू पायरी? ज्या दुखण्यासाठी बोलवतूस, त्याच दुखण्याला तुझ्या देवळात बंदी हाय. आन एवढं तुला कळालं न्हाई?" आणि ती हसली. "लई शाना गुरव हाईस बग."

आबा, मला खरंच कळलं नव्हतं. जन्मापासून ज्या पायरीवर बसलो, तिथं बाईनं कधी चढायचं आणि कधी नाही हे मला इतकं पाठ होतं, की मी ते विसरूनच गेलो होतो. पंचायतीत बसलेल्या सगळ्या पुरुषांचंही तसंच झालं असावं.

पुढं तिनं आणखी सांगितलं. शहरातल्या एका खासगी डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, गर्भपिशवी काढून टाका, ठेवली तर कॅन्सर होईल. टोळीतल्या तिघीचौघींनी काढली होती. काढली की पाळी नाही, खाडा नाही, मुकादमाची बोलणी नाहीत. टोळीच्या गाड्या निघायच्या आत तीही काढून घेणार होती. मी म्हणालो, आधी या डॉक्टरीणबाईला तरी दाखव. ती म्हणाली, "दाखवते की. पायरी नसंल अशी जागा बग."

मी दुसऱ्या दिवशी आशाताईला गाठलं. म्हणालो, पुढच्या वेळी शाळेत भरवू. ती म्हणाली, "शाळेच्या खिडक्याला दारं न्हाईत, पोरं डोकावत्यात." मग आरोग्य उपकेंद्रात? "त्ये हाय हाटेलासमोर. बाई आत शिरली की चहा पिणारे तिचं दुखणं ठरवून मोकळे." मग कुठं? ती म्हणाली, "गुरवबाबा, रागवू नका. तुमच्या घरात आबांची खोली हाय की. मागल्या गल्लीत दार हाय. बाया तुमच्याकडं बेल न्यायला येत्यात, पत्रावळीला येत्यात. कुणी विचारतंय का, कावून गेलतीस?"

मी तिला म्हणालो, त्या खोलीचं नाव काढू नका.

तुमची खोली आम्ही तुमच्या माघारी होती तशीच ठेवली आहे. खुंटीवर तुमचं रेशमी सोवळं, खाली पाट, सहाण, बेल धुवायचं पितळी घंगाळ. आई असतानाही त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणी जात नव्हतं. मला मुंज झाल्यावर तुम्ही आत घेतलंत. मला ती सकाळ अजून दिसते. तुम्ही झरोक्याखाली बसला आहात, एकेक बेलाचं पान उजेडात धरता आहात, आणि मी घाईघाईनं टोपली भरतो आहे. तुम्ही टोपली पालथी करता. म्हणता, "देवाला घाई न्हाई, तुला कशाची हाय?" आणि मी सगळी पानं पुन्हा बघायला बसतो. आजही पूजेला बसलो की माझा हात आपोआप सावकाश होतो. मी रोज त्या खोलीत उदबत्ती लावतो, पण कपडे बदलायला आतल्या घरात जातो. अशी ती खोली. तिथं पाळीची दुखणी घेऊन बायका येणार, हे माझ्या तोंडातून तुमच्यापुढे निघालंच नसतं.

आठ-पंधरा दिवस मी रोज पिंडीपुढे बसून तेच घोळवत होतो. देव काही बोलला नाही, तो बोलतही नाही. पण तुमची एक आठवण मात्र पुन्हा पुन्हा येत राहिली. धाकटी नुकती मोठी झाली होती आणि गोठ्याशेजारच्या पडवीत बाहेर बसायची. तुम्ही तिला शिवायचे नाहीत. पण ते दिवस आले की तिचं जेवण आईला नेऊ द्यायचे नाहीत, तुम्हीच न्यायचे. पत्रावळीवर भाकरी, वर गुळाचा खडा, आणि ती जेवेपर्यंत चार हातांवर उकिडवे बसून तिला म्हशीच्या, भुताच्या, काय वाटेल त्या गोष्टी सांगायचे. एकदा तिनं विचारलं, "आबा, देवाला माजा राग येतो का?" मी दाराआड होतो. तुम्ही म्हणालात, "देवाला न्हाई येत गं. नेम माणसाचा हाय. पर आपल्याला माणसातच ऱ्हायचंय."

पितृपंधरवड्यात गाडी पुन्हा आली, तेव्हा आशाताईला सांगून मी तुमच्या खोलीचं गल्लीकडचं दार उघडलं. तुमचं सामान एका कोपऱ्यात सरकवून वर चादर टाकली. सोवळं खुंटीवरच राहू दिलं, त्याला हात लावायचं धाडस झालं नाही. मी पुढच्या ओट्यावर पत्रावळी लावत बसलो. बायका येऊ लागल्या. कुणी हातात टोपली घेऊन, कुणी लेकराला घेऊन, एक तर खरंच बेल मागून गेली आणि मग परत आली. धाकटी शेवटी आली. बराच वेळ आत होती. मी एकच पत्रावळ तीनदा उसवून पुन्हा लावली.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, की आत जखम आणि जंतुसंसर्ग आहे, रक्त अगदी कमी आहे, औषधानं बरं होण्यासारखं वाटतं. पिशवी काढायची घाई करू नका. तपासणीसाठी नमुना पाठवू, सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी करून घ्या. मग त्या म्हणाल्या, "काका, जागा चांगली आहे. पण सगळ्या आखडून बसतात. पोट सैल सोडा म्हटलं की त्या खुंटीकडे बघतात. तपासताच येत नाही नीट." बाहेर धाकटी चपला शोधत होती. मी विचारलं, "भ्यालीस व्हय?" म्हणाली, "डॉक्टरीणीला न्हाई. आबाच्या सोवळ्याला पदर लागंल म्हणून जीव मुठीत धरून पडले व्हते."

नमुन्याचा निकाल चांगला आला. सोनोग्राफीतही काही निघालं नाही. गोळ्यांनी तिचं अंगावरून जाणं हळूहळू थांबलं, तोंडावर रंग आला. ऑपरेशन तिनं रद्द केलं. जाऊबाईनं टोमणा मारला, की आता पाळी आली की फडात बसून राहशील. ही म्हणाली, "बसंन. मुकादम काय उचलून न्हेतो का? पिशवी घेऊनच जाणार मी, माजी हाय." तिच्याबरोबरच्या आणखी दोघींनी आता डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरवलं आहे.

आबा, तुमच्या नेमात मी वाढलो आणि त्याचा मला कधी जाच झाला नाही. तो माझ्या वाट्याला आलाच नव्हता. हे पत्र कुठं धाडायचं नाही. पण एक कबूल करतो. तुम्ही असता तर मी ही खोली मागितली नसती. तुम्ही कदाचित दिलीही असती, पण मी विचारलं नसतं.

उद्या गाडी येणार आहे आणि दिवाळी झाली की टोळ्या निघतील. म्हणून आज मी धाकटीला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून तुमची खोली रिकामी केली. पाट, सहाण, घंगाळ मी उचललं. सोवळं उतरवायला मी तिला सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी ते खुंटीवरून काढलं, छातीशी धरून घडी घातली आणि आतल्या कपाटात नेऊन ठेवलं. आज तिचा कितवा दिवस आहे, हे मी तिला विचारलं नाही.