दवाखान्यात मी दिलेले उत्तर

त्या सकाळी मी पाणी भरले, दूध तापवले, यांचा डबा बांधला आणि मेथी निवडता निवडता पाळण्याची दोरी ओढत राहिले. जुडी संपल्यावर लक्षात आले की मुकुंद बराच वेळ खोकला नाही. पाच महिन्यांचा होता. ही १९८४ची गोष्ट, सावली गावातली.

मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत, ठाऊक आहे. माझे इथूनच सुरू होते.

मी, लीला दत्तात्रेय शिर्के, वय ६४, विधवा, राहणार समा, बडोदे. डोके ठिकाणावर आहे, कोणी भरीला घातलेले नाही, आणि हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. समा येथील दोन खोल्यांचे घर माझ्यामागे मुलगी प्राची हिचे. गॅलरीचे दार पावसात फुगते, ते तासून घ्यावे.

२. मोठ्या जाऊबाई निरुपमा यांना माझी एकही वस्तू देऊ नये. मुकुंदनंतर दोन वर्षांनी शुभंकर तसाच गेला, सहा महिन्यांचा. तेव्हा त्या चार बायकांत म्हणाल्या, "हिच्या दुधातच काहीतरी आहे." दुधात काही नव्हते. दोष माझ्या रक्तात होता. तो आईकडून येतो आणि मुलग्यांना मारतो, हे मला बासष्टाव्या वर्षी वाचून कळले.

३. आम्ही बडोद्याला आलो, मग प्राची झाली. तिला दोन भाऊ होते हे तिला सांगायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले. स्थळे पाहतानाही सांगितले नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा उन्मेष आजारी पडला. दंडावरची बीसीजीची जखम भरेना. डॉक्टरांनी विचारले, "आईच्या माहेरी कुणी तान्हेपणी गेलंय?" प्राची माझ्याकडे वळली. "आई, आपल्याकडे कुणी?" शेजारी तिची सासू बसली होती. मी म्हणाले, "नाही गं."

निदान व्हायला अडीच महिने गेले. अंगात प्रतिकारशक्तीच नव्हती. बाळाच्याच पेशी काढून, त्यांत नीट जनुक घालून परत देण्याच्या प्रयोगांबद्दल डॉक्टर बोलले, पण तोवर जंतू फुप्फुसांत उतरले होते. जनुकाची तपासणी होण्याआधीच उन्मेष गेला. घराण्यात आधी कुणी नाही म्हटल्यावर सगळ्यांनी हे एकदाच घडलेले दुर्दैव मानले. प्राचीला आता पुन्हा पाचवा महिना आहे.

४. ट्रंकेतली कात्रणे व निळी वही प्राचीला. मी सातवीपर्यंत शिकले, इंग्रजी कागद शब्दकोश घेऊन वाचले. पहिल्या प्रयोगांत बरीच मुले वाचली, त्यांतल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. नंतर पद्धत सुधारली. वहीत दोन्ही लिहिले आहे, दोन्ही वाचावे. माझ्या रक्ताचा अहवालही तिथेच आहे. संशोधन करणाऱ्यांना हवा तर द्यावा.

५. बाळ जन्मताच त्याचे रक्त तपासावे. निकाल येईपर्यंत बीसीजीची लस देऊ नये, तिच्यात जिवंत जंतू असतात. बँकेतली ठेव यासाठीच आहे. मला क्षमा करावी असे मी लिहीत नाही.

साक्षीदार: बळवंतराव घोरपडे, मयंक पाठक
सही: लीला दत्तात्रेय शिर्के
ठिकाण: बडोदे. दिनांक १४ सप्टेंबर २०२५.

पुरवणी: बळवंतराव आमच्याच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात, निवृत्त शिक्षक. सही करण्याआधी चुका पाहायला म्हणून त्यांनी सगळे वाचले. चष्मा काढून म्हणाले, "लीलाबेन, अक्षर सारू आहे, सुरेख आहे तुमचं. पण हा कागद तुम्ही गेल्यावर उघडणार. तुम्ही तर तीन जिने चढून आलात. बाळ थांबणार आहे का तोवर?"

"तुम्ही सही करा," मी म्हटले. त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षाने वासण्याला, प्राचीच्या सासरी गेले. प्राची आणि तिची सासू दोघी घरी होत्या. दोघींना समोर बसवले आणि मुकुंद व शुभंकर यांची नावे सांगितली.