बांधाखालचा झरा

चिरंजीव धाकट्यास आशीर्वाद.

आपल्या मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी झिरपू लागले, तेव्हा तू त्याला झरा ठरवून भोवती वांगी लावलीस. मी हटकले, तर म्हणालास, "दादा, या कोरड्या मुलखात बुडायची भीती फक्त तुलाच!"

आज ते पाणी गढूळ झाले आहे. नितळ पाणी नुसते पाझरते. गढूळ पाणी बांधाला आतून पोखरून माती बाहेर आणते. तुझी नात तिथेच कळशी भरते आहे, हे मला खिडकीतून दिसते.

तोंडावर सांगितले तर पुन्हा हसशील, म्हणून लिहायला बसलो. पण तिकडे पाणी वाट रुंद करीत असताना मी वाक्ये घोटीत आहे! हसायचे तर हस. कागद टाकून मी ओरडत निघालो.

तुझा भेदरलेला,
दादा