मृणालला मी काय सांगितलं

१३ जानेवारी, मंगळवार
इराची तपासणी. नऊ महिन्यांची आहे. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, हे आज पक्कं झालं. ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी स्वच्छ सांगितलं: कायमचं आहे, श्रवणयंत्रं मिळाली की जागेपणी सतत लावायची, या वयातले ऐकायचे तास परत मिळत नाहीत. मी नेहमीसारखी शेजारच्या खुर्चीवर, घरच्यांच्या आधारासाठी; इथे परदेशात तीच माझी नोकरी. इराच्या आईला, मृणालला, इंग्रजी माझ्याहून चांगलं येतं. तरी बाई बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळून मराठीत, "म्हणजे नक्की काय हो?"
म्हटलं, "होईल सगळं नीट."
फाइलमध्ये लिहिलं, धीर दिला. बसमध्ये ते वाक्य टोचत राहिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
घरभेट. यंत्रं मिळून दोन आठवडे झाले. इराच्या डोक्यावर कानटोपी, घरात हीटिंग चालू असताना. विचारलं तर मृणालने वरच्या कपाटातून, चहाच्या डब्यामागून, यंत्रांची डबी काढली.
"अकराला साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल असतो ना. तेव्हा काढते. मग राहूनच जातं."
"त्यांना सांगितलं नाही?"
"कशाला? तुम्हीच म्हणालात ना, नीट होईल. उगाच म्हाताऱ्या माणसाला घोर."
मी चहा प्यायले. खरं सांगायचं टाळलं. दुसऱ्यांदा.

११ फेब्रु.
मृणालचा मेसेज. यंत्रात रोजच्या वापराचे तास मोजले जातात हे तिला आत्ता कळलंय. 'पुढच्या तपासणीला कमी दिसले तर सर्दी होती म्हणून सांगाल ना?' मी मराठी आहे म्हणूनच ती मला विचारते. ती मराठी आहे म्हणूनच मी तसं बोलले. ऑफिसात आज कुणाशीच धड बोलणं नाही. दोनदा इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हटलं, बास.

१५ फेब्रु., रविवार
ताईचा व्हिडिओ कॉल. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या घरच्या हातवाऱ्यांत बोलतो आम्ही दोघी. मी बोलायच्या आधी तेच शिकले. पाहुण्यांना मात्र आई सांगायची, "लाजाळू आहे."
इथे आठवड्यात माझं सगळ्यात जास्त बोलणं होतं ते हे, आवाज न करता.
तिला सगळं सांगितलं. मग तिचे हात: आई मलाही तेच सांगायची, होईल नीट. बारा वर्षांची होईपर्यंत मी वाट बघत होते. रोज सकाळी उठून आधी कान देऊन बघायचे.
हे मला माहीत नव्हतं. एकाच खोलीत झोपायचो.

१७ फेब्रु., मंगळवार
सांगितलं. बूट काढायच्या आधीच, नाहीतर राहिलं असतं. "त्या दिवशी मी चुकीचं बोलले. इराचं ऐकणं परत येणार नाही. आणि सर्दीचं मी सांगणार नाही."
मृणाल इराला कडेवर घेऊन उभी. "मग तेव्हा का नाही बोललात?"
"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."
"बरं वाटायचं नव्हतं मला. कळायचं होतं. पाच आठवडे झाले हो."
इरा माझ्या स्कार्फचं टोक ओढत होती. मृणालने ते सोडवून घेतलं. "आज जा तुम्ही."
ऑफिसात वरिष्ठ बाईंना, ओर्लाला, सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, हवं तर त्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवते. रागावली असती तर बरं झालं असतं.

२१ फेब्रु., शनिवार
इथल्या मराठी मंडळाची शिवजयंती. जायचं नव्हतं, गेले. मृणालचा नवरा केदार दिसला. लिक्सलिप गावच्या कारखान्यात शिफ्ट असते, म्हणून एरवी भेटत नाही. मान हलवली आणि लांबच्या रांगेत जाऊन बसला. मांडीवर इरा, पुन्हा कानटोपी. मी कोटांच्या ढिगाशेजारी उभी राहून मिसळ खाल्ली. कुणीतरी विचारलं, "एकटीच का गं?" म्हटलं, हो.
भाषण चालू असताना बारीक शिटी ऐकू आली. लोक मोबाइल तपासायला लागले. "कुणाचं काय वाजतंय रे?"
मला कळलं. यंत्रावर टोपी घट्ट बसली की तशी शिटी येते.
केदारने इकडेतिकडे बघितलं. मग टोपी काढून खिशात घातली. पुढच्या रांगेतल्या काकू वळून इराच्या कानांकडे बघतच राहिल्या. तो भाषण ऐकत बसला.

२२ फेब्रु., रविवार
मृणालचा मेसेज: 'मंगळवारी अकराला याल? सासूबाईंना सांगायचंय. इरा यंत्रं लावूनच फोनवर येईल. त्या विचारतील, कधी बरं होणार. माझ्याने ते बोलवणार नाही.'
लगेच 'येते' लिहिलं.
आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी म्हटलंच नाही. खोलीत मोठ्याने म्हणून बघितलं. "आजी, हे बरं होणार नाही." पुढे आपोआप धीराचा "पण" येतो. चार वेळा म्हटलं, चारही वेळा आला. तो येऊ द्यायचा की तिथेच थांबायचं, ठरत नाही.