न लिहिलेला उसासा

प्रिय तादेओ,

तू छापून घेतलेलं ते पाच आवाजांचं गाणं, माद्रिगाल, इथवर पोचलं. व्हेनिसच्या एका पाहुण्याने ते ड्यूकसाहेबांना नजर केलं. प्रत्येक आवाजाचं एक, अशी पाच पुस्तकं, छपाई देखणी. तुझं नाव कुठेच नाही, ही देवाची कृपा.

कार्निव्हलमधली ती दुपार आठवते? तू तापाने फणफणला होतास, मी चुलीपाशी चेस्टनट भाजत होते. ड्यूकसाहेबांच्या हुकमाने महालाबाहेर न जाणारं ते गाणं एकदाच ऐकव, म्हणून तू हट्ट धरलास. तुझ्या हट्टापुढे माझं कधी काही चाललंय? पाचही आवाज एकामागून एक गाऊन दाखवले. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं, झोपलास.

काल तालमीत माझ्यासोबत गाणाऱ्या लिव्हियाने त्या पुस्तकातून गायला घेतलं आणि मध्येच हसत सुटली. 'पळ' म्हणताना सूर पळतात, 'स्वर्ग' म्हणताना वर चढतात, सगळं आमच्यासारखंच. फक्त 'मरण' या शब्दाआधी एक विराम छापलाय. व्हेनिसवाल्यांनी पदरचा उसासा घातलाय, म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. तादेओ, तो उसासा नाही रे. बेत्ता झाल्यापासून ती ओळ मला एका दमात जमत नाही. तिथे मी चोरून श्वास घेते. इतर चौघांच्या आवाजात तो झाकला जातो. त्या दुपारी झाकायला कुणी नव्हतं, आणि तू तो विराम समजून उतरवलास.

गाणं बर्तोलोमास्तरांचं, त्यांना कळायचं ते कळलंच. सगळे गेल्यावर जवळ येऊन म्हणाले, "हा विराम मी लिहिलेला नाही, पोरी. रविवारी ड्यूकसाहेब हे पुस्तक हातात धरून ऐकणार आहेत. तिथे श्वास घेऊ नकोस."

मागे एका गवयाने असंच एक गाणं बाहेर दिलं होतं. त्याला बुरुजात डांबलं आणि त्याच्या मुलीला मठात धाडलं. तिच्या आईलाही पुन्हा भेटू दिलं नाही. मी कालपासून ती ओळ घोकतेय. दहादा गायले, दहाही वेळा दम तुटला. मला फार भीती वाटते.

तुझ्यावर रागवायला हे पत्र लिहिलेलं नाही. पत्र आणणाऱ्या नावाड्याबरोबर बेत्ता असेल. आधी तिला काहीतरी गरम खाऊ घाल. मामाकडे चार दिवस राहायला जायचंय, एवढंच मी तिला सांगितलंय. या रविवारनंतर आठवडाभरात माझी चिठ्ठी आली नाही, तर तिला काय सांगायचं ते तू ठरव. आणि माझं ऐकून ऐकून ते गाणं तिलाही पाठ झालंय. 'मरण'च्या आधी तीसुद्धा थांबते. तिला वाटतं, ते तसंच आहे. तिला कुणासमोर गाऊ देऊ नकोस.

तुझीच ताई,
ओर्तेन्सिया