मशीन थांबल्यावर

११ जून

चि. धाकटीस,
प्रभूच्या नावात अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही, म्हणून मीच पुन्हा लिहायला बसलो. तुझ्या लेकीला, आपल्या खारूला, माती देऊन आम्ही परतलो, त्या दिवशी तू निरोपाला दारापर्यंतसुद्धा आली नाहीस. तुझी वहिनी अजून त्याच आठवणीने डोळे पुसते.

मेहुण्यांनी कळवलं, की तू पवित्र शास्त्र उघडतच नाहीस. मला खरंच वाटेना. लहानपणी जेवायला हाका मारल्या तरी तू त्यातून डोकं वर काढायची नाहीस. हिचं लग्न शास्त्राशीच लावून द्या, असं आई वैतागून म्हणायची. सोबत काही वचनं माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात उतरवून पाठवतोय. रोज एक चिठ्ठी वाच, बरं वाटेल.

दोन ओळी तरी पाठव. नुसता राग लिहिलास तरी चालेल.

तुझा,
दादा

२३ जून

ती. दादास,
स. न. वि. वि.

राग लिही म्हणालास, म्हणून लिहिते. तुझ्या चिठ्ठ्या न वाचताच बटणांच्या डब्यात टाकल्या आहेत. मला वचनं पाठवू नकोस. ती मला पाठ आहेत आणि तोच तर त्रास आहे.

खारूला ऐकू येत नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. पण रोज संध्याकाळी मी तिला शास्त्र हातांनी वाचून दाखवायची, ते तू नीट कधी पाहिलं नाहीस. शाळेत शिकवलेल्या खुणा थोड्या, बाकी आमच्या घरच्या. मेंढरू म्हणजे तिच्या कुरळ्या केसांत माझी बोटं. दया म्हणजे खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर. 'शांती'पाशी मात्र माझं घोडं अडलं. जिने आवाजच ऐकला नाही, तिला काय सांगायचं? मी ओठांवर बोट ठेवलं, तर हसत सुटली. ती तर तिच्या बाईंची गप्प बसायची खूण!

मग एकदा मी शिवण उरकून मशीन थांबवलं. दिवसभर ते चाललं, की फळ्यांची जमीन, टेबल, तिचं स्टूल, सगळं थरथरायचं. ते तिला अंगभर कळायचं. त्या दिवशी मशीन थांबलं आणि तिने टेबलावर तळहात पसरून ठेवला. माझ्याकडे बघून मान डोलावली, हीच ती, म्हणून. तेव्हापासून आमच्या घरात शांतीची खूण तीच.

आता पुस्तक उघडलं, की माझे हात आपोआप उठतात आणि समोर स्टूल रिकामं असतं. सांग, कसं वाचू? ज्याने मला हे सगळं इतकं आवडायला लावलं, त्यानेच तिला त्या तापात नेलं. त्याच्याशी बोलायची मला इच्छा नाही.

मशीनही तेव्हापासून बंद आहे. घर इतकं स्तब्ध आहे, की तिच्या हिशेबाने इथे शांतीच शांती असायला हवी. पण काही नाही रे. नुसतं पोकळ आहे.

हे कामावरून येतात, जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागवू नकोस.

तुझी,
धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात, दुरुस्तीला आलेल्या पंपांच्या खोलीत वाचलं आणि तिथेच बसून रडलो. पोऱ्या नाही, ग्राहक नाही, म्हणून निभावलं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून वचनं उतरवली होती गं. चुकलंच माझं. देवाने असं का केलं, हे मला माहीत नाही. माहीत असल्याचा आव आता आणणार नाही.

मला यंत्रातलं तेवढं कळतं. मशीन इतके दिवस बंद ठेवू नये. आतलं तेल घट्ट होतं, मग मशीन जाम होतं. झाकण काढ, तेलाचे थेंब सोड आणि थोडं चालव. काही शिवायलाच हवं असं नाही.

आणखी एक. बंद पडलेला पंप आणि पाणी भरून झाल्यावर थांबलेला पंप, दोन्ही गप्पच असतात. पण पंपघरात पाऊल टाकलं, की मला फरक कळतो. हे कशासाठी लिहिलं, ते माझं मलाच धड कळलेलं नाही.

तुझा ठोंब्या,
दादा

१९ जुलै

ती. दादास,
स. न. वि. वि.

ठोंब्या म्हणून घेतोस, पण तुझं ऐकलं. तेल घातलं. शेजारच्या न्हाव्याच्या बायकोचे पडदे अर्धवट शिवून राहिले होते, ते घेऊन बसले. मशीन आधी कुरकुरलं, मग लागलं. जमीन थरथरायला लागली आणि मला रडू फुटलं. रडत रडतच सगळे पडदे शिवले, टाके वाकडे आले असतील.

संध्याकाळी थांबले आणि टेबलावर तळहात ठेवला. दादा, दिवसभराची थरथर हाताखालून निघून गेली. ती मान डोलावून काय सांगत होती, ते मला त्या क्षणी कळलं. मी तिला शब्द शिकवतेय असं समजत होते, आणि त्या शब्दाचा अर्थ मात्र तिलाच माझ्या आधी कळला होता.

मी पुस्तक उघडलं. तिचं आवडतं मेंढपाळाचं स्तोत्र काढलं. हात उठले, उठू दिले. खूप दुखलं. पण एकेक शब्द इतका ओळखीचा, इतका माझा वाटला, की थांबवेना. रडू आणि शांती एकाच वेळी येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. देवावरचा माझा राग गेलेला नाही, पण बोलणं सुरू झालंय.

आता तुझ्या चिठ्ठ्या डब्यातून काढल्या आहेत. रोज एक हातांनी वाचते, सावकाश, कारण तिला घाई आवडायची नाही.

काल वाचत असताना हे कामावरून आले. दारातच थबकले. मला वाटलं, आत निघून जातील. पण ते आले आणि खारूच्या स्टुलावर बसले. एवढा मोठा माणूस, गुडघे हनुवटीशी. यांना आमच्या खुणा येत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. कालच्या चिठ्ठीत 'शांती' होतं. माझा हात खाली यायच्या आत यांचा तळहात टेबलावर होता.

चिठ्ठ्या संपत आल्या. आणखी पाठव, त्याच कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. आमच्यावर माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी