खिडकीत बसवून काढलेला फोटो

४ जाने., रवि.
नातीचा, मीनलचा, स्थळासाठी फोटो मीच काढला. हट्टच माझा. खिडकीला नवा पडदा, मागे झक्क ऊन, म्हणून तिथंच बसवली. देपालपूरच्या पाहुण्यांना पाठवला. माहितीत लिहिलं, रंग गोरा. दिवसभर धाकधूक.

७ जाने.
मुलाच्या काकांचा फोन. "काकाजी, तुम्ही गोरी लिहिलं, फोटोत तर काळी दिसते. ऐसा थोड़ी होता है." घाबरलो. म्हणालो, "हो जी, जरा सावळीच आहे. माफ करा." वळलो तर मागे मीनल, हातात चहा. कप ठेवून गेली.

८ जाने.
पोर गव्हाळ आहे. गोरी मीच लिहिलं, सावळी मीच म्हणालो.
मीनल सांवेर रोडला कारखान्यात कॅमेऱ्यावर पार्ट तपासते. जेवताना म्हणाली, "आबा, कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही. तो सगळा उजेड मिळून मोजतो. मागे ऊन फार, म्हणून त्यानं सगळंच मंद केलं. मलापण." मी विचारलं, मग पडदा लावून फोटो काढू? "मग उजेड कमी. तो ओढूनताणून वाढवतो, आणि तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे." हसली. मला हसता आलं नाही. कालच्या फोनचं तिनं काढलं नाही. मीही.

१० जाने., शनि.
पुन्हा फोटो. तिनंच शिकवलं, फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेडाची सूर्यासारखी खूण येते, ती हळू वर सरकवा. मी सरकवतच गेलो. पोर पिठासारखी पांढरी, मागची खिडकी गायब. "ये मैं नहीं हूँ, आबा. हा पाठवू नका." बरं म्हणालो.
दुपारी पाठवला. का, ते…

११ जाने.
देपालपूरहून फोन. पुढच्या रविवारी बघायला येतायत. "पहिला फोटो खराब होता ना?" हो म्हणालो.
मीनलला सांगितलं. "कोणता फोटो बघून येतायत?" मी ताटात भाजी वाढून घेतली. "त्यांची माफी मागितलीत, आबा. फोटो काळा आला म्हणून नाही, मी काळी म्हणून."
भाजी तशीच राहिली ताटात.

१२ जाने.
ती कामावर गेल्यावर देपालपूरला फोन लावला. खरं सांगायचं ठरवून. काका म्हणाले, "बोला काकाजी, किती वाजता यायचं?" तोंडातून निघालं, अकराला या.
सहाला मीनल येईल. तिला काय म्हणायचं ते मागच्या पानावर दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. साडेपाच झाले.